भरल्या ग्लासातला कापूस

भरवसा कोणावर ठेवावा, तुम्हीच सांगा. माणसाच्या बोलण्यावर, का त्याच्या तोंडावर? मी दिग्रसचा कापूसवाला. चाळीस वर्षं तोंडावरच ठेवला, अन् एकदा असा आपटलो म्हणता!

कापसाचा भाव बसलेली ती वर्षं. आवक नाही, सरकी काढायचा जिनिंग कारखाना थंड. मी गावातल्या शाळेच्या कमिटीवर होतो, म्हणून तिथं जाऊन बसायचो. एक दिवस पाहतो तर विज्ञानाच्या वानखडे मॅडमनी फळ्यापाशी मोबाइल उभा केलेला. पोरांच्या चेहऱ्यांची शूटिंग!

"हे कायले, मॅडम?"

"शिकवताना कोणाच्या कपाळाले आठी पडते, कोणाचे डोळे मोठे होतात, ते मागून पाहते भाऊ. पोरं शिकतात कशी, ते त्यात दिसते. यवतमाळच्या विज्ञान प्रदर्शनाले एकच लेकरू न्यायचं आहे, तेही पाहूनच ठरवीन."

"त्याले मशीन कायले? मी कापूस मागून पाहतो, आधी विकणाऱ्याचं तोंड!"

टोपी सावरून ऐटीत मागच्या बाकावर बसलो. मॅडमनी ग्लास काठोकाठ पाण्यानं भरला, दवाखान्यातला कापूस हातात घेतला. "हा आत घातला तर पाणी सांडेल?"

"सांडेल!" सगळ्यात मोठा आवाज कोणाचा? माझा!

चिमूट चिमूट करत अख्खा बोळा आत गेला. थेंब सांडला नाही! "करा विचार," मॅडम एवढंच म्हणाल्या.

पुढच्या बाकावरचा निखिल हसतमुख, मान डोलवतोय. शेजारच्या सुजाताचं कपाळ आखडलेलं, जसं कोणी तिला फसवलं. बाजारात कसं असतं, कपाळ आखडलं म्हणजे गड्याला भाव उमगला नाही; हसला म्हणजे सौदा कळला. झालं!

"मॅडम, निखिलले न्या. ह्या पोरीच्या डोक्यावरून गेलं सारं."

सुजातानं मान खाली घातली. अन् मी? थेट निखिलच्या बापाकडं जाऊन पेढे वाटायला लावले! चार खाल्लेही.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी शूटिंग वर्गालाच पडद्यावर दाखवली. मीही हजर.

"निखिल, मान काहून डोलवून राह्यला होता बेटा?"

"मॅडम, तुमाले बरं वाटते म्हणून."

"अन् सुजाता, तू?"

"मले पटतच नव्हतं. मंग समजलं. कापूस दिसते मोठा, पण त्यात धागा थोडा, हवाच जास्त. हवा निघून गेली. धाग्याले जागा लागते कितीशी?"

घ्या! जन्मभर कापूस घेतला, अन् त्यात हवा असते हे आठवीतल्या पोरीनं सांगावं!

"भाऊ," मॅडम हळूच म्हणाल्या, "आठी पडली म्हणजे डोकं कामाले लागलं."

तेवढ्यात पोरं खिदळली. पडद्यावर मागच्या बाकावर एक टोपीवाला निखिलपेक्षाही जोरात मान डोलवत होता!

सुजाता यवतमाळला गेली. बसस्टँडवर सोडायला मी गेलतो, छाती फुगवून, जशी माझीच नात.

हा किस्सा पुढं सांगा, मीठमसाला खुशाल लावा. पण हिशोब इमानदारीनं ठेवा. समजणारी एक, नुसतेच मान डोलवणारे दोन. अन् त्यातल्या एकानं वरून चार पेढे खाल्ले.