एकशे अडतीस ठोके

आमचा रॉक बँड तिघांचा. गिटार वाजवणारा आणि गाणारा शाळेत शिक्षक, बेस गिटारवाला टॉवेलच्या कारखान्याचा मालक आणि ड्रमवर मी, जमीन मोजणीच्या कार्यालयातला कर्मचारी. कॉलेजात दुसऱ्यांची गाणी वाजवली, मग संसारात एकोणीस वर्षं गेली. पुन्हा जमलो तेव्हा ठरवलं, आता फक्त स्वतःची, मराठीतली. चार वर्षांत सात झाली. सराव कारखान्यातच, आठवड्याच्या सुट्टीला सकाळी, बंद यंत्रमागांच्या मधल्या जागेत.

गाण्याचा वेग, म्हणजे मिनिटाला किती ठोके, हे मी घड्याळ लावून ठरवायचो. बँडमध्ये माझी किंमत तेवढ्यावर आहे, असं मला वाटायचं.

गेल्या वर्षी माझा उजवा खांदा आखडला. डॉक्टरांनी तीन महिने ड्रम बंद सांगितला. मालक म्हणाला, तोवर आमच्या जॉबरला बसवू. जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा. वय एकतीस, घरात तेलुगू, मिरवणुकीत गल्लीतल्या बेंजो पार्टीत ड्रम वाजवलेला. मागाचा नुसता आवाज ऐकून काय सैल झालंय ते हा शेडच्या दुसऱ्या टोकावरून सांगतो, असं मालकानं दोनदा सांगितलं. एकदा पुरलं असतं.

पहिलं गाणं एकशे वीस ठोक्यांचं. सुरुवातीचे चार ठोके काठीवर काठी मारून मी द्यायचे होते. मी एकशे अडतीसने दिले. चुकून नव्हे. दुसऱ्या कडव्याआधी हा कोलमडेल, असा माझा अंदाज होता.

तो कोलमडला नाही. एकदा माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घालून वाजवत राहिला. गाणं संपलं तेव्हा शिक्षक घामेघूम झाला होता.

"आयला, चार वर्षं आपण हे गाणं झोपवून ठेवलं होतं की रे!"

"वेग अण्णांनी दिला," जॉबर माझ्याकडे हात करून म्हणाला.

"लई भारी डोकं तुझं!" मालक मला म्हणाला.

मी मान डोलावली. जॉबरला काही कळलं होतं का, ते मी आजही विचारलेलं नाही.

तीन महिन्यांनी मी पुन्हा ड्रमवर बसलो. शिक्षकानं तोच नवा वेग मागितला. पहिलं कडवं निभावलं, दुसऱ्यात उजवा हात मागे पडू लागला. मग एकशे वीसने घेतलं. कुणी वाईट बोललं नाही. "जरा मऊ वाटतंय," एवढंच शिक्षक म्हणाला.

जॉबर दारात उभा होता. त्याला म्हटलं, "ये, वाजव."

"न्हाय अण्णा, तुमीच बसा की. मी नुसतं ऐकायला आलोय."

"ये म्हटलं ना."

मी उठलो. कुणीतरी थांबवेल म्हणून तीन-चार सेकंद वाट पाहिली. शिक्षक गिटारची तार जुळवत होता, मालक वायर सोडवत होता.

दोन महिन्यांपूर्वी जुळे सोलापुरात त्यांचा कार्यक्रम झाला. मी बायकोबरोबर तिसऱ्या रांगेत. सातही गाणी चूक शोधत ऐकली, एकही सापडली नाही.

"अहो, टाळ्या तरी वाजवा की," बायकोनं कोपरानं ढोसलं.

वाजवल्या. सगळ्यांच्या आधी थांबलो.