चहा, पाणी आणि चार्जिंग

आमच्या भागात कांदा गोणीत बसून जातो. तो लावणारी बाई पिकअपच्या हौद्यात उभी राहून जाते.

हे मी प्रत्येक स्टेजवरून ओरडून सांगत आलो आणि सांगत राहणार.

हे उभं राहून जाणं पहिल्यांदा बंद केलं सुमनआक्कानं. तिला जाऊन आज वर्ष झालं.

नगर जिल्ह्यातल्या बेलापूरजवळच्या आमच्या वस्तीवरची ती. कांदा लागवडीच्या बायकांच्या टोळीची मुकादम. शेतकऱ्याशी भाव ठरवायचा, बाया गोळा करायच्या, रानात न्यायच्या.

एकदा वळणावर पारूबाई पिकअपमधून पडली. कंबर कायमची गेली.

त्यानंतर आक्का पिकअपमध्ये चढली नाही. टोळीतल्या कुणाला चढूही दिलं नाही.

बचत गटातून लोन काढून तिनं जुनी डिझेलची व्हॅन आणली. पन्नाशीला आल्यावर ड्रायव्हिंग शिकली. शिकवणारा तिचा दीर, रामदास.

"वहिनी, पाय उचला! क्लच हाय त्यो, पायपुसनं न्हाई!"

अख्खी वस्ती हसत होती. आक्का सगळ्यात जास्त.

पण डिझेल वाढत गेलं, व्हॅन म्हातारी होत गेली. मजुरीतला मोठा वाटा टाकीत आणि गॅरेजात जायला लागला.

"ही माझ्यापेक्षा जास्त खाती अन् माझ्यापेक्षा जास्त दवाखान्यात जाती," आक्का म्हणायची.

सीएनजीचा विचार झाला. पण सकाळी पंपाच्या रांगेत थांबायचं की रानात पोचायचं? ऊन चढलं की उपटलेलं रोप माना टाकतं.

शेवटी जुनी मोडीत दिली आणि हप्त्यावर बॅटरीवर चालणारी व्हॅन घेतली.

"हिला क्लच न्हाई, रामदास. आता कशावरून बोलशील?"

घरी चार्जिंग करून जवळची रानं व्हायची. लांबच्या गावाला दोन खेपा केल्या की परत येताना धाकधूक.

इथे आक्कानं जे केलं, ते फक्त लागवडीच्या मुकादमालाच सुचेल.

आमच्याकडे रीत आहे. मजुरी ठरली की दुपारचा चहा आणि प्यायचं पाणी शेतकऱ्याचं. कुठे लिहिलेलं नाही, पण मोडत कुणी नाही.

आक्कानं त्यात तिसरी गोष्ट घातली. चार्जिंग.

पहिल्यांदा मागितलं तेव्हा मी तिथंच होतो. त्या गावात माझी सभा होती म्हणून तिच्याच गाडीतून गेलो होतो. शेत बापूसाहेबांचं. मोठे बागायतदार.

"आक्का, बायांना चहा पाजतो. आता गाडीला बी पाजायचा व्हय?"

"मंग? तीबी कामालाच आलीय. अन् तिला साखर लागत न्हाई."

बाया खिदळल्या. बापूसाहेबही हसले.

"इतकी नड असंल तर सांजच्याला माझा पिकअप सोडतो की."

हसणं तिथंच थांबलं.

आक्का बांधावर बसली. तिच्यामागं एकेक करून सगळी टोळी बसली. रोपाच्या जुड्या ओल्या पोत्याखाली पडून होत्या.

मला राहवेना. मी पुढं होऊन सुरू केलं, "बापूसाहेब, श्रमाला किंमत देणारा समाजच..."

"भाऊ, तू गप बस," आक्का म्हणाली. "तू बोलाया लागला की हे ऐकत बसत्याल. रोप सुकंल."

बापूसाहेबांनी उन्हाकडं पाहिलं. पोत्याकडं पाहिलं. बायांकडं पाहिलं नाही.

"वायर गोठ्यापातूर पुरंल का?"

पुरली.

त्या हंगामात आजूबाजूच्या टोळ्यांनीही मुकादमांमागं टुमणं लावलं. आक्काच्या टोळीसारखी गाडी करा.

मित्रांनो, शहरात बॅटरीच्या गाडीची चर्चा रेंजवर होते, टचस्क्रीनवर होते. आमच्या वस्तीवर ती बसायच्या जागेवर झाली.

कुठलंही यंत्र आपोआप कुणाला मोकळं करत नाही. ते कुणाच्या नावावर आहे? स्टिअरिंगवर कोण आहे? खर्च कुणाच्या मजुरीतून जातो? हे प्रश्न ठणकावून विचारावे लागतात. आक्कानं ते बांधावर बसून विचारले.

मग मागच्या वर्षी तिच्या छातीत दुखायला लागलं. नगरच्या दवाखान्यात नेलं. परत आणता आलं नाही.

दहाव्याला नदीवरून आल्यावर रामदास अंगणात म्हणाला, "गाडी इकून टाकू. हप्ता कोन भरनार? चालवनार कोन?"

माणूस वाईट नाही. भावजयीच्या दुःखात होता आणि हप्त्याला घाबरला होता.

बाया खाली बघत बसल्या. गाडी गेली तर उद्यापासून कशात चढायचं, हे प्रत्येकीला ठाऊक होतं.

आक्काची सून मंगल भिंतीला टेकून उभी होती. हळू बोलणारी पोरगी.

"हप्ता टोळी भरंल, तात्या. चालवीन मी."

"तुला कवापासनं येतंय?"

"लई दिस झालं. आत्याबाईंची कंबर दुखायची तवा रानातनं वळनापातूर मीच आनायचे. वस्ती आली की त्या परत फुडं बसायच्या. तुमी काय म्हनाल म्हनून."

"अन् लायसन?"

"हाय. त्यांनीच काढाया लावलं."

रामदासनं टोळीकडं पाहिलं. "तुमा सगळ्यांला म्हाईत हुतं?"

एका बाईनं डोळे पुसत पुसतच मान हलवली. मग दुसरीनं. मग सगळ्यांनी.

"म्हंजी येडा मी एकटाच," रामदास म्हणाला. आणि तोंडावर उपरणं घेऊन हमसून रडला.

गाडी विकली नाही.

आज वर्षश्राद्ध आहे. जेवण संध्याकाळी ठेवलंय, कारण दिवसा लागवड आहे. आक्काला दुसरं काही पटलंही नसतं.

सकाळी व्हॅन माझ्या दारावरून गेली. मंगलनं हात केला.

आक्का, टोळी वेळेवर निघाली. तू निवांत राहा.

तुला या भावाचा निरोप.