दत्ताजींचा रविवारचा प्रश्न

चेन्नईजवळच्या सिरुसेरीतल्या एका छोट्या कंपनीचं ॲप विदर्भातल्या कापूस शेतकऱ्यांना फवारणीचा सल्ला द्यायचं. त्यातला आवाज श्रीदेवीचा. ती तंजावरकडच्या मराठी घरातली, जन्मली-वाढली चेन्नईत. कपाशीचं झाड तिनं कधी पाहिलं नव्हतं, पण ऑफिसात मराठी येणारी ती एकटीच.

पहिल्याच आठवड्यात वणीकडच्या एका शेतकऱ्याचा, दत्ताजींचा फोन आला.

"बाई, पोथी वाचून राह्यल्या का तुम्ही? मुखाच्छादन म्हंजे काय?"

"तोंडास बांधावयाचं फडकं."

"मंग तसं म्हणा ना!"

तेव्हापासून दत्ताजी तिचे मास्तर झाले. काही नवं रेकॉर्ड केलं की ती आधी त्यांना ऐकवायची. तेही तिचं ऐकत. वाऱ्याकडे तोंड करून फवारत नसत, रिकामे डबे घरात आणत नसत. हातमोजे मात्र त्यांना जमेनात. "उन्हात हात उकडतात, बाई," म्हणायचे.

एका सोमवारी ऑफिस उघडल्यावर तिला त्यांनी आदल्या दिवशी ॲपवर बोलून पाठवलेला प्रश्न दिसला. आवाज जड होता. "बाई, फवारता फवारता डोळ्यापुढं अंधारी येऊन राह्यली. काय करू?" खाली ॲपनं आपोआप दिलेलं उत्तर होतं, तिच्याच आवाजातलं: "आपला प्रश्न मिळाला. चोवीस तासांत उत्तर देऊ."

तिनं लगेच फोन लावला. उचलला त्यांच्या बायकोनं, वच्छलाबाईंनी.

"बांधावर बसून तुमच्या फोनची वाट पाहिली त्यांनी. मंग दवाखान्यात नेलं. पहाटे गेले."



त्याच दिवशी तिनं साहेबांशी भांडून ते उत्तर काढायला लावलं. नवं रेकॉर्ड करताना तिला तीनदा थांबावं लागलं. "त्रास होत असेल तर माझी वाट पाहू नका. फवारणी सोडा, कपडे काढा, अंग साबणानं धुवा. औषधाचा डबा घेऊन लगेच दवाखान्यात जा."

तेराव्यानंतर वच्छलाबाईंचा फोन आला. रागावल्या असतील, म्हणून श्रीदेवी जीव मुठीत धरून ऐकत राहिली.

"बाई, घरी फोटो हायेत. त्यांचा आवाज नाही. तुमच्यापाशी असंन ना?"

दत्ताजींचे सदतीस प्रश्न होते. दुपारभर बसून तिनं ते एकेक करून पाठवले. छत्तीसच पाठवले. रविवारचा तेवढा तिनं स्वतःपाशी ठेवला.