सोपानभाऊंनी घरात न शिकवलेलं

मी पहिल्या शिफ्टला होतो. कुरुळीहून सायकलवर आलेल्या माणसाने गेटवर निरोप ठेवला होता. वॉचमन हळूच म्हणाला, "राव, तुमचे सोपानभाऊ वारले." मी हाताचं ग्रीसही न पुसता निघालो. दीड महिना झाला, अजून पटत नाही.

सोपानभाऊ आमच्या कंपनीत वायरमन, राहायला कुरुळी गावात. आज हे लिहायला मी जिवंत आहे, तो त्यांच्यामुळे. एका दुपारी ओल्या फरशीवर उभा राहून मी वेल्डिंगच्या मशीनला हात लावला आणि आडवा झालो. पुढचं सगळं ऐकीव. शॉक लागलेल्याला मातीत पुरलं की वीज उतरते, अशी आमच्याकडची समजूत. त्यामुळे चौघे जण बागेतली माती घमेल्यांत भरून धावत आले होते. सोपानभाऊंनी आधी मेन स्विच पाडला, मग त्या चौघांना शिव्या घालून मागे सारलं आणि माझ्या छातीवर दोन्ही हात टेकवून दाबत राहिले, मधूनमधून तोंडाने श्वास भरत. कंपनीच्या डॉक्टरांनी नुकतंच ते शिकवलं होतं. माझ्या दोन बरगड्या मोडल्या. दवाखान्यात भेटायला आले तर म्हणतात कसे, "जरा जास्तीच दाबलं गेलं, भावा." असा माणूस...

पुढे दर शनिवारी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी अख्ख्या खात्याला हे शिकवलं. झाडूवाल्यापासून साहेबापर्यंत कुणाला सोडलं नाही. मी एकदा म्हटलं, "वहिनींनाही दाखवा की." तर म्हणाले, "बायामाणसांना तोंडाला तोंड लावायला शिकवू? गाव काय म्हणंल?" मीही हसलो. माझ्या घरी तरी मी कुठे शिकवलं होतं? आता त्या हसण्याची चीड येते.

ते कोसळले घरातच, चहा पिता पिता. वहिनी एकट्या. त्यांनी तोंडात पाणी घातलं आणि जीप बघायला रस्त्याकडे पळाल्या. दुसरं काय करणार बिचाऱ्या... जीप अर्ध्या तासाने मिळाली.

परवा गेलो तर वहिनींनी सरळ विचारलं, "भावजी, तुमाला कुठं दाबलं व्हतं?" मी छातीच्या मधल्या हाडावर बोट ठेवलं. "मला येत असतं, तर ह्ये वाचलं असतं?"

खोटं बोलवेना. म्हटलं, "माहीत नाही, वहिनी. कदाचित."

त्या उठल्या, दारातून दोन शेजारणींना हाक मारली आणि खाटेवरची सोपानभाऊंची उशी जमिनीवर ठेवली. "दाखवा." मी दाखवलं. वहिनींनी पदर खोचला, हातावर हात ठेवला आणि हलकेच दाबलं, उशीला दुखेल की काय असं.

"जोरात, वहिनी."

त्यांनी दाबलं. रडत होत्या, पण थांबल्या नाहीत.