गुलमंडीतली लेन्स आणि माझा संशय

जुनी वस्तू विकणारा माणूस खरं बोलत असेल, यावर माझा फारसा विश्वास नाही. त्यामुळे संभाजीनगरच्या एका स्टुडिओत पन्नास एमएमची जुनी जपानी लेन्स आहे हे कळलं, तेव्हा कुरिअरने मागवायचं सोडून मी नाशिकहून सरळ एसटीत बसले. बॅगेत माझा डिजिटल कॅमेरा होता, त्यावर जुनी लेन्स बसवायला ऑनलाइन मागवलेली स्वस्तातली अ‍ॅडॉप्टर रिंग होती आणि काचेतली बुरशी शोधायला टॉर्च. ही लेन्स मी दोन वर्षं शोधत होते. त्या नादात दोनदा फसलेही होते.

येवला-वैजापूरमार्गे पाचेक तास धरा. वैजापूरच्या स्टँडवर गाडी थांबली की चहा उरकून घ्या, पुढे संधी मिळेलच असं नाही. शहरात पोचल्यावर रिक्षा गुलमंडीच्या बाजारात न्यायचा हट्ट धरू नका. अलीकडेच उतरून चालत गेलं तर लवकर पोचाल.

कापडदुकानांच्या मागच्या बोळात रशीदचाचांचा स्टुडिओ आहे. चाचा सत्तरीचे. पूर्वी लग्नाचे फोटो काढायचे, आता पासपोर्ट साइजवर भागवतात. त्यांनी मलमलीच्या फडक्यातून लेन्स काढली. मी टॉर्च मारून पुढून-मागून बघितली. बुरशी नाही, ओरखडा नाही, फोकसची रिंग ना सैल ना घट्ट. इतकं सगळं चांगलं निघाल्यावर मला जास्तच शंका आली.

"पैसे आज नका देऊ," चाचा म्हणाले. "घेऊन जा, उद्यापर्यंत फिरवा. हातानं फोकस जमतो का बघा. जमल्याबिगर मी इकत नाय."

"आणि अनामत?"

"कशाला बेटा? येणारच ना तुम्ही परत."

त्यांनी माझा फोन नंबरसुद्धा विचारला नाही. मी गुपचूप लेन्सवरच्या नंबराचा फोटो काढून ठेवला. उद्या 'ही माझी नव्हेच' म्हणाले तर?

मुक्काम गारखेड्याला ताईकडे होता. ताई माझीच बहीण, संशयात माझ्यापेक्षा दोन पावलं पुढे. "वळख ना पाळख, अन् वस्तू हातात देतोय? लई पोचलेला असंल तो. नीट बघून घे, बाई."

सकाळी ताईला घेऊन देवगिरी किल्ला. लवकर जा, पाणी जवळ ठेवा आणि अंधारीत, म्हणजे तिथल्या काळोख्या भुयारात, घाई करू नका. पण किल्ल्याविषयी माझ्याकडे सांगण्यासारखं थोडंच आहे, कारण मी किल्ला बघितलाच नाही. मी लेन्सच तपासत होते. जवळचा दगड, भिंतीवरचं शेवाळ, ताईचा चेहरा सुरेख येत होता. वर गेल्यावर मात्र लांबचं काही म्हणता काही स्पष्ट होईना. फोकसची रिंग शेवटपर्यंत फिरवली तरी पायथ्याचा चांदमिनार धूसरच. म्हणजे लेन्स कुणीतरी खोलून चुकीची जोडली होती, आणि ते लपवायलाच एवढा उदारपणा दाखवला होता. माझं डोकं फिरलं.

दुपारी स्टुडिओत दोन गिऱ्हाइकं बसलेली होती. त्यांच्यासमोरच मी म्हणाले, "चाचा, ही लेन्स खोलून बिघडवलेली आहे. माहीत असूनच दिलीत ना?"

चाचांनी गिऱ्हाइकांना बसायला सांगितलं, कपाटातून आपला जुना रिळाचा कॅमेरा काढला, लेन्स त्यावर चढवली आणि मला गच्चीवर नेलं. "ती टाकी बघा."

मी डोळा लावला. कुठल्या कुठे असलेल्या पाण्याच्या टाकीच्या शिडीची एकेक पायरी मोजता येत होती.

"लेन्स बराबर हाय. मग राहिली तुमची ती मधली रिंग," चाचा म्हणाले. "जाड असंल. जाड रिंगनं लेन्स पुढं सरकती. जवळचं दिसतं, लांबचं नाय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागितली, पैसे पुढे केले. चाचा लेन्स फडक्यात गुंडाळत होते.

"नाय बेटा. आता देत नाय."

"का?"

"आता फोटो जरा हलला तरी तुम्ही हिचंच नाव घेणार. चाळीस वर्षं राबली ही माझ्यासाठी. तिला बोल खायला नाय पाठवायची."

परतीच्या एसटीत मी खिडकीकडे तोंड करून रडले. जुन्या लेन्स घेणाऱ्यांनो, कुणालाही बोलण्याआधी आपली रिंग तपासा. मी आता चांगली घेतली आहे, ती ड्रॉवरमध्ये पडून आहे.

गेल्या आठवड्यात धीर करून स्टुडिओच्या पाटीवरच्या नंबरला फोन लावला आणि पुन्हा माफी मागितली. चाचा हसले. "अहो, तुम्ही परत आलात हेच लई झालं. त्या दिवशी बाजूचे दुकानदार मला येड्यात काढत होते. म्हणत होते, बाई गेली अन् लेन्स बी गेली. मी म्हटलं, येईल."

त्यांच्या बाजूला माझं दुकान असतं, तर मीही तेच म्हणाले असते.