वच्छलाबाईंची सालीची बरणी

वच्छलाबाई एकतीस वर्षं आमच्या शेजारी राहिल्या, पण त्यांचं माहेर कोणतं हे मला त्या गेल्यावर कळलं. मधे कमरेएवढी भिंत. त्या पलीकडून बोलत आणि मी मान हलवत असे. असा माणूस त्यांच्याविषयी काय लिहिणार? पण माझी बायको छाया म्हणाली, "तुमीच लिहा. चूक बी तुमचीच होती." म्हणून बसलो.

आमच्या आष्टीत संत्रं खातात आणि साल उकिरड्यावर फेकतात. कोणी संत्रं सोलताना दिसलं की वच्छलाबाई पदर पुढे करत. घरी नेऊन चमच्यानं आतला पांढरा भाग खरवडायचा आणि साल सुपात घालून सावलीत वाळवायची. उन्हात वास उडतो, असं त्या म्हणत. वाळलेली साल एका मोठ्या बरणीत जाई. थोडी कुटून जवसाच्या चटणीत, थोडी बेसनाबरोबर उटण्यात, उरलीसुरली निखाऱ्यावर, डासांसाठी. गल्लीतल्या बायका मागायला येत. पण कोणी पोराच्या तापासाठी साल मागितली की त्या बरणीचं झाकण लावत. "ताप हाय तर दवाखान्यात ने वं माय. हे खायाची गोष्ट हाय."

तीन वर्षांपूर्वी छाया मोठ्या दुखण्यातून उठून वर्ध्याच्या दवाखान्यातून घरी आली. तोंडाला चव नव्हती. दोन घास झाले की ताट सारायची. वजन अडतीस किलो. पोटात अन्न गेलं नाही तर पुन्हा भरती करावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. एके दिवशी वच्छलाबाईंनी भिंतीवरून चटणीची वाटी दिली. तिच्याशी छायानं पाव भाकर खाल्ली. मी दारात उभा राहून पाहत होतो. मग रोज वाटी येऊ लागली.

आपणही काही करावं असं मला वाटलं. बाजारातून दोन किलो संत्री आणली, एकसारखी, चकचकीत. सोलून साल वच्छलाबाईंना दिली. आठ दिवसांत ती वाळून बरणीत पडली. नंतर बसस्टँडवर संत्र्याचे दोन व्यापारी बोलताना कानावर आलं. बाहेरगावी जाणाऱ्या मालाला मेण लावतात, वर बुरशीचं औषध मारतात. "साल कोन खाते?" असं म्हणून ते हसले.

दिवसभर सांगायची लाज वाटत होती. संध्याकाळी छायानं वाटी हातात घेतली, तेव्हा मात्र राहवलं नाही. भिंतीशी जाऊन कसंबसं सांगितलं. वच्छलाबाई तशाच ओल्या हातांनी आल्या आणि त्यांनी छायाच्या हातातून वाटी काढून घेतली.

"दे ना वं बाई, आताच तं चव लागून राह्यली!" छाया रडवेली झाली.

"बरणीले वास लागला वं. माह्याच हातून झाकण उघडं राह्यलं," वच्छलाबाई म्हणाल्या. माझं नाव घेतलं नाही.

अंगणात आल्यावर मात्र हळूच म्हणाल्या, "भाऊजी, तुमी संत्रं आणलं का आरसा?"

नवी साल जुनीत मिसळली होती. त्यांनी वर्षभराची अख्खी बरणी खड्ड्यात पालथी केली आणि वर माती ओढली. मग परसातल्या झाडाची चार लिंबं तोडली, हिरवी साल तेवढी किसणीवर हलक्या हातानं किसली आणि मऊ मुगाच्या खिचडीवर भुरभुरली. छायानं आधी तोंड वाकडं केलं. नंतर ताट पुसून खाल्लं. त्या दिवसापासून रोज लिंबाची साल. बरणीबद्दल त्यांनी मला पुन्हा कधीच ऐकवलं नाही; छायाला खरं काय ते पुढे मीच सांगितलं.

छाया आता बरी आहे, स्वतः भाकरी थापते. वच्छलाबाईंनी ते पाहिलं नाही. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात एका सकाळी त्या उठल्याच नाहीत. आदल्या दिवशी दुपारी, खिचडी देऊन झाल्यावर, त्या नेहमीसारख्या भिंतीशी आल्या होत्या.

"खाल्लं काय तिनं?"

"खाल्लं. मीठ जास्त झालं म्हणे."

"म्हणे? तुमी नाई चाखलं?"

"नाई."

"मंग आधी चाखा ना भाऊजी, अन् मंग मले सांगा."

"बरं," मी म्हणालो.