जीवरामच्या हातची दाढी

चाळीसगावच्या स्टेशन रोडला सलूनची निदान पंधरा दुकानं असतील. निम्म्यांत एसी आहे, कानठळ्या बसवणारी गाणी आहेत, आणि नुसत्या दाढीला आलेल्या माणसाच्या गळ्यात फेशियल मारायची हुशारी आहे. जीवराम महालेच्या दुकानात यातलं काही नाही. दोन खुर्च्या, एक बाकडं, पाणी तापवायची शेगडी. तरीही ज्यांची कातडी नाजूक, दाढी केली की ज्यांच्या मानेवर लाल पुरळ उठते, असे लोक नांदगाव-भडगावहून वाट वाकडी करून त्याच्याकडे येतात.

त्याचं म्हणणं एवढंच, "दाढी पानी करस भो, ब्लेड नुसतं उचली लेस." पण पाणी लावायच्या आधी तो कोरड्या गालावरून बोटं फिरवतो. कुणाचा केस खाली जातो, कुणाचा कानाकडे, कुणाचा गळ्याशी भोवरा असतो. ते कळलं की पाच मिनिटं गरम टॉवेल, मग ब्रशनं फेस, मग नवं ब्लेड. पहिला हात केसाच्या दिशेनं, दुसरा आडवा. उलटा हात तो मारत नाही. उलट्या हातानं गाल गुळगुळीत होतो खरा, पण दोन दिवसांनी केस कातडीतच अडकतो आणि फोड येतो. शेवटी गार पाणी आणि तुरटी. चाळीस वर्षांत त्याच्या खुर्चीवरून एकही माणूस तुरटी लावल्याशिवाय उठला नव्हता. या हाताचा त्याला गर्व होता, आणि तो काही लपवतही नसे.

शेजारच्या गाळ्यात हेमराजचं मोटर वायंडिंगचं दुकान. विहिरीवरच्या जळालेल्या मोटरी घेऊन शेतकरी दिवसभर त्याच्या दारात बसलेले असत. हेमराजची दाढी म्हणजे न्हाव्याची परीक्षाच. केस तारेसारखा आणि कातडी लहान मुलाची. जीवरामला ते तोंड समजायला दोन वर्षं लागली. पुढची वीस वर्षं मात्र हेमराजनं दुसऱ्या कुणाला गालाला हात लावू दिला नाही. एक दिवसाआड, सकाळी साडेनऊला, आधी दाढी आणि मग स्वतःच्या दुकानाचं शटर. त्याच्या गालात कायम गुटख्याचा तोबरा. "थुकी टाक ना रे, गाल कसा तानू?" असं जीवराम रोज म्हणायचा आणि हेमराज रोज हसायचा.

त्या गालातली गाठ पहिल्यांदा लागली तीही जीवरामच्याच बोटाला. बाहेरून काही दिसत नव्हतं, पण कातडी ताणताना आत बोराच्या आठोळीएवढं टणक काहीतरी हललं. "डाक्टरले दखाड," तो म्हणाला. हेमराज म्हणाला, दाढ सुजली असेल. असं करत पावसाळा गेला, दिवाळी गेली. मग नाशिकला ऑपरेशन झालं आणि धुळ्याला शेक सुरू झाले. किरणांच्या उपचाराला आपल्याकडे सगळे शेकच म्हणतात. तीस शेक घ्यायचे होते, रविवार सोडून रोज. डॉक्टरांनी बजावलं होतं की तोंडाला आणि मानेला ब्लेड लावायचं नाही, साबण नाही, आम्ही देऊ त्या मलमाशिवाय काही म्हणजे काही नाही. बेबाबाईनं, हेमराजच्या बायकोनं, घरातला रेझर उचलून कपाटाच्या वर ठेवून दिला.

अठरा शेक झाले होते. दुपारी दोनच्या सुमाराला हेमराज तोंडाला उपरणं गुंडाळून एकटाच जीवरामच्या दुकानात आला आणि त्यानं स्वतःच शटर अर्धं खाली ओढलं. त्यानं उपरणं सोडलं. उजवीकडचे केस झडले होते, कातडी काळपट आणि पातळ झाली होती, आणि डावीकडे हनुवटीखाली पांढऱ्या-काळ्या केसांचे पुंजके लोंबत होते.

"दाढी करी दे," हेमराज म्हणाला.

"तुले काय सांगेल शे डाक्टरनी?"

"सांजले पारोळाना पाहुणा येतीन, आपली पोर पुनमना साखरपुडाले. बिमारी त्यास्ले मालूम शे, लपाडेल काहीच नही. पन पोरना बाप भिकारीगत बठेल दिसाले नको. इतलंच."

जीवराम नाही म्हणाला. दोनदा म्हणाला. तिसऱ्यांदा हेमराज नुसता खुर्चीत बसून आरशात बघत राहिला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. जीवरामला वाटलं, दुसरा कुणी करील तर मान सोलून ठेवील, मी केली तर निदान ओरखडा तरी येणार नाही. मोठेपणाचं भूत माणसाच्या मानगुटीवर असंच बसतं. मित्राची माया होती हे खरं, पण आपल्या हाताला हे जमेल ही हौसही होती, आणि ती जास्त होती, असं त्याला पुढे वाटत राहिलं.

त्यानं सगळा विचार केला. फेस लावला नाही, साबणाला शिवला नाही. कोमट पाण्यात मऊ फडकं भिजवून नुसतं टेकवत राहिला. कातडी ताणली नाही. नव्या ब्लेडनं, केसाच्या दिशेनं, नखाएवढे हात मारत पाऊण तास काम केलं. एक थेंब रक्त नाही. उजवीकडच्या जळक्या भागाला ब्लेड टेकवलंही नाही, तिथले चार केस कात्रीनं काढले. आरशात हेमराजचं तोंड पुन्हा हेमराजचं दिसायला लागलं. त्यानं स्वतःच्या गालाकडे बघितलं आणि बऱ्याच दिवसांनी हसला. जीवरामचा जीव भांड्यात पडला.

आणि तेवढ्यात त्याच्या हातानं तुरटी उचलली.

त्यानं उचलली नाही, हातानं उचलली. चाळीस वर्षं दाढी संपली की हात तिथेच जायचा. ओली तुरटी डाव्या गालावरून गळ्यावर आणि गळ्यावरून उजव्या बाजूला, त्या पातळ काळ्या कातडीवर, चांगली दोनदा घासून फिरली. हेमराजनं खुर्चीचे हात गच्च धरले. ओरडला नाही. ऑपरेशननंतर त्याला नीट ओरडताही येत नव्हतं. जीवरामच्या ध्यानात आलं तेव्हा त्यानं तांब्यावर तांब्या पाणी ओतलं, फडकं ओलं करून धरलं, आणि आपल्याच हाताला दोष देत नुसतं "मना हात, मना हात" म्हणत राहिला.

"राहू दे," हेमराज म्हणाला. "दाढी झकास झायी." मग उपरणं गुंडाळून निघून गेला.

साखरपुडा छान झाला म्हणतात. तिसऱ्या दिवशी हेमराजच्या मानेची कातडी सुटली. फोड फुटले, पू झाला, आणि धुळ्याच्या डॉक्टरांनी शेक थांबवले. अठरा दिवस थांबले. जखम सुकल्यावर उरलेले शेक झाले, पण दोन महिन्यांनी गळ्यात नव्या गाठी आल्या. त्या अठरा दिवसांत आल्या की तशाही यायच्याच होत्या, हे कोणी सांगितलं नाही, आणि कोणाला विचारायची जीवरामची छाती झाली नाही.

या सगळ्या बातम्या त्याला गल्लीतून कळत होत्या. तो हेमराजच्या घरी गेला नाही. बेबाबाई आज येईल, उद्या येईल, भर बाजारात पायातली काढून मारील, म्हणून तो वाट बघायचा. कुणीच आलं नाही. जायला निघायचा आणि कोपऱ्यावरून परत फिरायचा. असे पाच महिने गेले आणि हेमराज गेला. मसणात जीवराम सर्वांत मागे, भिंतीला टेकून उभा राहिला.

आठव्या दिवशी हेमराजचा मुलगा दीपक दुकानात आला. "काका, परवा दहाव्याले तुम्हीच या. बाबाले दुसरा कोना हात चालता नही." जीवरामनं होकाराची मान हलवली. रात्रभर त्याला झोप आली नाही. बापाचं असं करून पोराच्या डोक्याला वस्तरा कसा लावायचा? दुसऱ्या दिवशी सकाळी, लोक दारावर दुखवट्याला बसायला येण्याच्या आधी, तो हेमराजच्या घरी गेला.

बेबाबाई ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती. त्याला बघून तिनं पदर सावरला आणि तो बसायच्या आधीच बोलायला लागली.

"जीवरामभाऊ, त्यास्नी स्वताना हाते घात करी लिधा. साखरपुडाना दिवशी मी पाहुणास्ना सैपाकमा व्हतू. कपाटवरना रेझर काढा आनि घरमाच दाढी करी. मी इचारं, कोनी करी? म्हने, मीच करी." तिनं डोळे पुसले. "तुम्हनाकडे येतात तर एक फोड येता नही. तुम्हना हातले आग म्हाईत नही."

पाच महिने कोणी आलं का नाही, ते आता कळलं. क्षणभर त्याला वाटलं, उठावं आणि जावं. मेलेल्या माणसानंच पांघरूण घातलंय, आपण कशाला ओढायचं?

"वहिनी," तो म्हणाला, "ती दाढी मी करेल व्हती."

आणि त्यानं सगळं सांगितलं. शटर, कोमट पाणी, नवं ब्लेड, तुरटी. काही गाळलं नाही. बोलताना खाली बघत होता. आता ती किंचाळेल, पोराला हाक मारील, असं वाटत होतं, आणि तसं झालं असतं तर त्याला बरं वाटलं असतं.

बेबाबाई अगदी हळू आवाजात बोलली.

"तव्हयपासून मी त्यास्नासंगे बोलनू नही, भाऊ. जेवन वाढू, गोळ्या देऊ, जखम धोऊ. पन बोलू नही. पोरनं लगन पाहाना आधी मरानी हौस व्हती का, म्हनीसन मना राग. ते मना तोंडकडे पाहेत, आनि मी तोंड फिराई लेऊ."

तिनं प्रथमच मान वर करून त्याच्याकडे सरळ बघितलं.

"पाच महिनामा एक डाव येवानं व्हतं ना तुम्ही, हाई सांगानं व्हतं. मी बोलनू असतू त्यास्नासंगे."